पनीर आणि चीज : साठवण व योग्य वापर



आपल्याकडे गाई-म्हशी पाळणारे बहुतेक शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालून मोकळे होतात. मात्र दुधाचे दर पडलेले असताना, संकलन बंद असलेल्या दिवशी किंवा लग्नसराईत गावातच मागणी आली की पनीर करून विकण्याचा मार्ग अनेकांनी धरला आहे. पनीर करणे तसे अवघड नाही. अडचण येते ती नंतर. सकाळी केलेले पनीर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस लागते, दुसऱ्या दिवशी त्यावर चिकट थर येतो आणि गिऱ्हाईक माल परत करते.

म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधापासून एक किलो पनीर मिळते. म्हणजे एक किलो पनीर नासले की पाच लिटर दूध आणि त्यामागचा चारा, पेंड व कष्ट उकिरड्यावर गेले. म्हणून पनीर आणि चीज टिकते कशावर, हे आधी समजून घेणे फायद्याचे आहे.

पाण्याचा अंश आणि टिकाऊपणा

ज्वारी किंवा हरभरा कणगीत भरण्यापूर्वी आपण दाणा दाताखाली चावून पाहतो. कट्ट असा आवाज आला तरच धान्य साठवतो, कारण ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी व कीड लागते. पनीर व चीज यांनाही हाच नियम लागू पडतो. ज्यात पाणी जास्त ते लवकर नासते, ज्यात पाणी कमी ते जास्त टिकते.

पनीरमध्ये साधारण ५० ते ६० टक्के पाणी असते. पिझ्झावर घालतात त्या मोझरेला चीजमध्ये ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. चेडार या कठीण चीजमध्ये ३५ ते ३९ टक्के, तर इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये ३० टक्क्यांच्या जवळपास असते. म्हणूनच पनीर काही दिवसांत संपवावे लागते, चेडार काही महिने पिकवता येते आणि पार्मेझान वर्षाहून अधिक काळ मुरवतात.

आपल्या देशातील जुन्या पद्धतींमागेही हेच तत्त्व दिसते. हिमालयात मिळणारी छुरपी इतकी वाळवतात की ती तासभर चघळावी लागते. बंगालमध्ये हुगळीकाठचे बंडेल हे एकेकाळी पोर्तुगीजांचे ठाणे होते. तेथील नावाने प्रसिद्ध असलेले छोटे चीज मीठ लावून व धुरी देऊन टिकवतात आणि खाण्यापूर्वी पाण्यात भिजवतात. सुरती पनीर मिठाच्या निवळीत बुडवून ठेवतात. मुंबईतील पारशी कुटुंबांत हेच मऊ पनीर ‘टोपली पनीर’ म्हणून आवडीने खाल्ले जाते. पाणी काढणे, मीठ घालणे, धुरी देणे आणि थंड ठेवणे हे टिकवण्याचे चार मार्ग होत. यांपैकी घरगुती पनीरसाठी मीठ व थंडावा हे दोन मार्ग आपल्या हाती आहेत.

टिकाऊ पनीर तयार करताना

पनीरचे आयुष्य ते तयार होतानाच ठरते. त्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात.

१) ताजे, न आंबलेले दूध घ्यावे. म्हशीच्या ६ टक्के स्निग्धांशाच्या दुधाचे पनीर घट्ट व न तुटणारे होते. गाईच्या दुधाचे पनीर मऊ होते व उतारा कमी पडतो. ते भुर्जी किंवा कोफ्त्यासाठी चांगले.

२) दूध ढवळत ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे व ७० अंशांपर्यंत निवू द्यावे. अंदाजावर न जाता साधा तापमापक वापरावा.

३) १० लिटर दुधासाठी २० ते २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल दोन ते अडीच लिटर पाण्यात विरघळवून तेही ७० अंशांपर्यंत गरम करावे. हे द्रावण हळूहळू दुधात घालावे. हिरवट-पिवळी, स्वच्छ निवळी सुटताच द्रावण घालणे थांबवावे. जास्त आम्ल पडल्यास पनीर आंबट व ठिसूळ होते.

४) पाच मिनिटांनी उकळून घेतलेल्या मलमलच्या कापडातून निवळी काढून टाकावी. गोळा गरम असतानाच साच्यात भरावा. २० सें.मी. लांब व १५ सें.मी. रुंद साच्यावर १२ ते १५ किलो वजन १५ ते २० मिनिटे ठेवावे.

५) तयार वडी ४ ते ६ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात दोन-तीन तास बुडवावी. हे पाणी उकळून गार केलेलेच असावे. बर्फही पिण्यायोग्य पाण्याचा घ्यावा.

पाचव्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. पनीरची नासाडी आतून नव्हे, तर पृष्ठभागापासून सुरू होते. दूध ९० अंशांपर्यंत तापवून जे जंतू मारले, तेच विहिरीच्या कच्च्या पाण्यातून, ओल्या फडक्यातून किंवा हातांतून पुन्हा वर चढतात. हातपंपाच्या पाण्यात वड्या बुडवणे म्हणजे आधीचे सर्व काम वाया घालवणे होय.

पनीरची साठवण

बाहेरच्या तापमानात पनीर एक दिवसही खात्रीने टिकत नाही. फ्रीजमध्ये १० अंशांखाली ते साधारण सहा दिवस टिकते, पण तीन दिवसांनंतर त्याची ताजी चव उतरू लागते.

घरच्या वापरासाठी वडी अखंड ठेवावी. तुकडे केल्यास पृष्ठभाग वाढतो आणि जंतूंना वाव मिळतो. वडी झाकणाच्या डब्यात, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून फ्रीजमध्ये ठेवावी व पाणी रोज बदलावे. अधिक दिवस ठेवायचे झाल्यास एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून ते पाणी उकळून गार करावे व त्यात वडी बुडवावी. अशा मिठाच्या पाण्यात व फ्रीजच्या थंडाव्यात पनीर दोन आठवड्यांपर्यंत चांगले राहते. वापरण्यापूर्वी अर्धा तास साध्या कोमट पाण्यात ठेवल्यास खारटपणा कमी होतो.

बर्फाच्या कप्प्यात गोठवलेले पनीर टिकते, परंतु सुटल्यावर भुसभुशीत होते. ते भुर्जी, पराठा यांसाठीच वापरावे. एकदा सुटलेले पनीर पुन्हा गोठवू नये.

वीज गेल्यावर फ्रीजचे दार वारंवार उघडू नये. दार बंद राहिल्यास सुमारे चार तास आत थंडावा टिकतो. विक्रीसाठी नेताना थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून न्यावे. वितळलेले पाणी पनीरला लागू देऊ नये.

विक्री करणाऱ्या लहान उत्पादकानेही अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून घ्यावी. नियमानुसार पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त व कोरड्या भागातील दुधाचा स्निग्धांश ५० टक्क्यांपेक्षा कमी नसावा. वजन वाढावे म्हणून दाब कमी देणाऱ्याचा माल या नियमात बसत नाही आणि टिकतही नाही.

बाजारात वनस्पती तेलापासून केलेले पनीरसारखे पदार्थही मिळतात. त्यांच्या लेबलवर तसा उल्लेख असणे बंधनकारक आहे. पनीरचा तुकडा पाण्यात उकळून गार करावा व टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आल्यास पिठाची भेसळ समजावी. वनस्पती तेल मात्र या चाचणीत कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी करावी लागते.

चीज कसे ठेवावे

बाजारातील क्यूब, स्लाइस व डब्यातील चीज हे बहुधा प्रक्रिया केलेले असते. पिकलेले चीज क्षार घालून व तापवून पुन्हा घट्ट केलेले असल्याने ते बंद वेष्टनात बरेच दिवस टिकते. वेष्टन उघडल्यावर मात्र ते कापलेल्या बाजूने वाळते. चीज प्रथम बटर पेपरमध्ये गुंडाळून मग झाकणाच्या डब्यात घालावे व भाजीच्या कप्प्यात ठेवावे. चीज शेजारच्या कांदा-लसणाचा वास लगेच ओढून घेते. ओला चमचा किंवा उष्टी सुरी लावू नये.

चेडारसारख्या कठीण चीजवर एखाद्या ठिकाणी बुरशी आल्यास त्याभोवतीचा व खालचा अडीच सें.मी. भाग कापून उरलेले वापरता येते. पनीर, मोझरेला यांसारख्या ओलसर प्रकारांवर बुरशी दिसल्यास सर्वच फेकून द्यावे, कारण तिचे तंतू आतवर गेलेले असतात. शाकाहारी कुटुंबांनी चीजवरील हिरवे चिन्ह पाहून घ्यावे.

चव कशी घ्यावी

फ्रीजमधून काढल्याबरोबर खाल्लेले चीज मेणचट लागते, कारण थंडीने स्निग्धांश गोठलेला असतो. कठीण चीज खाण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे बाहेर ठेवावे. गरम थालीपिठावर किसून घातल्यास मुलेही आवडीने खातात. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ जास्त असते. रक्तदाब असलेल्यांनी ते बेताने खावे.

पनीर उष्णता व आम्ल यांनी साकळलेले असल्याने वितळत नाही. म्हणून ते भाजता व तळता येते. तळलेले तुकडे लगेच कोमट मिठाच्या पाण्यात टाकल्यास मऊ राहतात. रस्सा तयार झाल्यावर शेवटी पनीर घालावे, फार वेळ उकळू नये. त्याच दिवशीचे पनीर मात्र मीठ, मिरपूड लावून किंवा ठेच्यासोबत भाकरीवर ठेवून कच्चेच खावे. ताज्या पनीरची खरी चव त्यातच कळते.

निवळी वाया घालवू नये. तिने कणीक मळावी, कढी करावी किंवा गार झाल्यावर जनावरांना सुरुवातीस थोडी थोडी पाजावी. ओढ्यात सोडल्यास पाणी नासते व दुर्गंधी सुटते.

लक्षात ठेवावे

१) पाणी जास्त, तर आयुष्य कमी. त्यानुसार साठवण ठरवावी.
२) पनीरला लागणारे प्रत्येक पाणी उकळून गार केलेले असावे.
३) वडी अखंड व थंड ठेवावी, तीन दिवसांत संपवावी. अधिक काळासाठी मिठाचे पाणी वापरावे.
४) मागणी पाहूनच पनीर करावे. उरलेले पनीर नव्या मालात मिसळू नये.

पहिल्यांदा पाच लिटर दुधाचे पनीर करून अर्धी वडी साध्या पाण्यात व अर्धी मिठाच्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवावी. रोज वास, स्पर्श व रंग पाहून तारखेसह वहीत नोंद करावी. आपल्या घरच्या पाण्यावर व विजेवर आपला माल किती दिवस टिकतो हे त्या वहीवरून कळेल. गिऱ्हाइकाला तेवढ्याच दिवसांची हमी द्यावी.