एचआयव्हीबाधित स्त्रिया आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग



प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्रात त्यास अधिकार नाही. तथापि रुग्णनोंदी चाळताना ध्यानी आलेली एक बाब आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घेऊन येथे मांडीत आहे.

नालासोपाऱ्यातील एक विधवा भगिनी अनेक वर्षे शासकीय एआरटी केंद्रातून नियमित औषधे घेत होत्या. एचआयव्ही आटोक्यात होता. अंगावरून रक्त जाऊ लागल्याने त्या आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच पसरला होता. त्यापूर्वी दोन वेळा त्या तापासाठी आमच्याकडेच दाखल झाल्या होत्या. आतून तपासणी करून घ्या, असे त्यांना कोणीही सुचविले नाही, हे खेदपूर्वक नमूद करणे भाग आहे.

या कर्करोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत, म्हणजे एचपीव्हीत आहे. हे सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग अत्यंत सर्वसामान्य असून बहुतेक स्त्रियांची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत तो परतवून लावते. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी घटल्या की मात्र तो ठाण मांडून बसतो. एरवी कर्करोग होण्यास १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार न झालेल्या स्त्रीस तो ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एचआयव्हीबाधित स्त्रियांना हा धोका सहापट असतो. एआरटीने तो कमी होतो, नाहीसा होत नाही. आपल्या देशात २००४ पासून एआरटी मोफत मिळू लागली, आयुष्य वाढले. हिशेबनिसाच्या भाषेत, एक देणे आटोक्यात आले. दुसरे वहीत चढलेच नव्हते.

वेळीच तपासणी झाल्यास काय साधते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची एकच चाचणी ज्या गटाला देऊ केली गेली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. तो अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा होता. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी २५ व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी ही चाचणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे. इतरांसाठी आरंभ ३० व्या वर्षी. जेथे ही चाचणी परवडत नाही, तेथे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखावर पांढरा डाग उमटतो का, हे प्रशिक्षित परिचारिकाही पाहू शकते.

अडचण निराळीच आहे. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. परंतु स्त्रीरोग विभागाला तिची एआरटीची हकीकत ठाऊक नसते आणि शेजारणीच्या भीतीने ती स्वतः सांगत नाही. यास्तव केसपेपरवर कोणताही शिक्का न मारता, २५ वर्षांवरील प्रत्येक विवाहित, विधवा वा परित्यक्ता स्त्रीस, ती ज्या कारणासाठी आली असेल त्या विभागातच, परिचारिकेने एकांतात तपासणीविषयी विचारावे, असे ठरविले आहे. मजुरी बुडू नये म्हणून ही तपासणी रविवारी सकाळी ठेवली असून, त्या वेळी नोंदणीच्या खिडकीवर केवळ महिला कर्मचारी बसतील.