अळिंबीच्या खोलीतली काळी माशी : आधी ओळख, मग उपाय



धिंगरीच्या खोलीत शिरलं की तोंडापुढे बारीक काळ्या माश्या उडतात. आपण म्हणतो, "चिलटं झाली." मग घरातलं कुणीतरी सांगतं, डाळिंबाचं औषध शिल्लक आहे, झाकणभर मारून टाक. या वेळच्या पाठात नेमकं इथेच थांबायचं आहे. धिंगरी म्हणजे स्पंजासारखी वस्तू. तिच्यावर पडलेलं औषध ती पिऊन घेते, आणि तीच भाजी आपण बाजारात देतो आणि पोराबाळांच्या ताटात वाढतो. जुन्या माहितीपत्रकांत अळिंबीच्या माश्यांसाठी डायक्लोरव्हॉस सुचवलेलं सापडतं. बाजारात ते नुवान या नावाने ओळखलं जायचं. ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात त्यावर पूर्ण बंदी आहे. असं जुनं पत्रक गटाच्या फाइलमध्ये असेल, तर तेवढ्या ओळीवर आजच काट मारा.

औषध नको, तर मग करायचं काय? आधी माशी ओळखायची. "चिलट" या एका नावाखाली आपण निदान पाच-सहा वेगळे जीव ढकलतो. प्रत्येकाचं घर वेगळं, खाणं वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

पकडायला पिवळा पुठ्ठा पुरे. त्यावर एरंडेल तेलाचा हात फिरवा आणि बेडच्या उंचीवर टांगा. दुसऱ्या दिवशी तो उजेडात घेऊन भिंगाने बघा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा, काम भागतं.

पहिली गोष्ट मिशांची. शास्त्रात त्यांना स्पृशा म्हणतात. मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या, पाय लांब, अंग काळपट आणि डासासारखं सडपातळ, लांबी दोन ते चार मिलिमीटर, असं असेल तर ती सियारिड माशी. पंख नीट पसरला असेल तर मधोमध इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली शीर दिसते. ही उडते दुबळी, जास्त करून बेडवरून धावते. बुरशीवर जगणाऱ्या माश्यांत आपलं नुकसान करणारी मुख्यतः हीच.

पाठीवर कुबड, मिशा दिसतच नाहीत आणि माशी पिशवीवर झटके देत इकडून तिकडे पळते, तर ती फोरिड. तिला स्पॉन नुकताच पसरू लागलेल्या बेडचा वास ओढून आणतो.

डोळे लालभडक आणि अंग पिवळट तपकिरी असेल, तर ती पिकलेल्या केळ्यावरची नेहमीची फळमाशी. न्हाणीतल्या भिंतीवर बसणारी, पंखांवर लव असलेली माशी मोरीतली. आणि उजनीच्या बॅकवॉटरकडच्या गावांत दिवेलागणीला बल्बभोवती थवे जमतात ना, त्यांत बरेचसे पाण्यातले केमरे असतात. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार. त्यांच्या अळ्या पाण्यातल्या गाळात वाढतात, अळिंबीशी त्यांना काही देणंघेणं नाही. खोलीत सकाळी असे मेलेले केमरे खाली पडलेले दिसले, तर घाबरायचं कारण नाही. दिवा दाराबाहेर लावला की झालं.

आता अळी. माशीपेक्षा अळी जास्त खरं सांगते. पिशवी उघडा, पोखरलेला देठ उभा चिरा. पांढरट, काचेसारखी पारदर्शक अळी आणि तिला चकचकीत काळं डोकं, ही सियारिडची. अळी पांढरी पण डोकं असं नाहीच, पुढचं टोक निमुळतं, ही फोरिडची. आणि दोन मिलिमीटरच्या नारिंगी किंवा पांढऱ्या अळ्या झुंडीने दिसल्या, तर त्या सेसिडच्या. सेसिडचा प्रकार अजबच आहे. तिच्या अळीच्या पोटातच नव्या अळ्या तयार होतात, माशी व्हायची वाटच बघत नाहीत! म्हणून सेसिडच्या खोलीत माश्या फारशा दिसतही नाहीत आणि बेड मात्र नासत जातो. त्या पसरतात आपल्या हातांना, कपड्यांना आणि टोपल्यांना चिकटून. असा बेड लगेच बाहेर काढा, आणि ज्या खोलीत त्या दिसल्या तिथं दिवसाच्या शेवटी जा, सुरुवातीला नको.

थोडं नावांविषयी. आपल्याकडे नाव आणि आडनाव असतं, तसंच किड्यांचंही असतं. पंखांची एकच जोडी असलेल्या सगळ्यांचा गण द्विपंखी. त्यात डास आले, घरमाशी आली आणि आपली काळी माशीही. तिचं कुळ सियारिडी. जगात या कुळातल्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक रानात कुजक्या पाल्यावर जगतात आणि त्याची माती करतात, म्हणजे आपल्या कामाच्याच. शेजारचं कुळ मायसेटोफिलिडी, रानातल्या छत्र्यांवर राहणारं. तिसरं केरोप्लॅटिडी. न्यूझीलंडच्या वायटोमो गुहेत छतावर चांदण्यांसारख्या चमकणाऱ्या अळ्या बघायला लोक पैसे मोजून जातात, त्या या कुळातल्या. आपल्या खोलीतल्या माशीची लांबची चुलतबहीणच म्हणा.

नुकसान करणाऱ्या जाती मूठभर आहेत. ब्रॅडिसिया ओसेलॅरिस, ब्रॅडिसिया इम्पेशन्स आणि बटन अळिंबीत कुप्रसिद्ध असलेली लायकोरिएला इंजेन्युआ. जुन्या पुस्तकांत यांतल्या पहिलीला ब्रॅडिसिया ट्रिटिसी आणि तिसरीला लायकोरिएला माली म्हटलेलं आढळेल. माशी तीच, नाव बदललं. नेमकी जात ठरवायला नराच्या शेपटाकडचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आपल्याला तेवढ्या खोलात जायची गरज नाही. सियारिड, फोरिड की सेसिड, एवढं कळलं की उपाय ठरतो.

आता हिशेब, कारण तो आपल्याला येतो. सियारिडची मादी आठवडाभर जगते आणि शंभर-दोनशे अंडी घालते. अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे. स्पॉन भरल्यापासून पिशवी पांढरी व्हायला लागतात १५ ते २० दिवस. म्हणजे स्पॉन भरताना पाच माद्या आत शिरल्या आणि प्रत्येकीने १०० अंडी घातली, तर पहिल्या तोडणीच्या सुमारास ५०० माश्या. त्यांतल्या निम्म्या माद्या धरल्या, तर पुढच्या तीन आठवड्यांत २५,०००. सगळ्या जगत नाहीत हे खरं, पण चाल चक्रवाढ व्याजाचीच. म्हणून तोडणीच्या वेळी माश्या दिसल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. कर्ज वाढलेलं असतं. पिशवी पांढरी होण्याचे दिवस सांभाळायचे. त्या दिवसांत पिवळ्या पुठ्ठ्यावर दोन जरी सियारिड दिसल्या, तरी वहीत तारीख लिहा आणि जाळी कुठं फाटली ते शोधा.

जाळी ४० मेशची हवी, म्हणजे इंचाला ४० घरं. साधी मच्छरदाणी चालत नाही, तिच्यातून ही सहज आत येते. दाराला आत-बाहेर दोन पडदे लावा, एक पडल्यावर दुसरा उघडायचा. काड गरम पाण्यात ८० अंशांवर तासभर ठेवलं, तर काडातली अंडी-अळ्याही मरतात. आणि पीक संपलेले बेड! खोलीमागे टाकलेला ढीग हेच माश्यांचं माहेर. ते लांब नेऊन खताच्या खड्ड्यात मातीआड करा. एवढं एक काम नीट केलं तरी निम्मी तक्रार कमी होते, असं मला वाटतं.

ज्या सख्या रोपवाटिका चालवतात, त्यांनी इकडे लक्ष द्यावं. आपला भाग केळीचा. टिश्यू कल्चरची केळीची रोपं असोत की कोकोपीटच्या ट्रेमधली भाजीची, सियारिड तिथंही येते. अळी आधी ओल्या कोकोपीटमधली बुरशी खाते, मग रोपाची कोवळी मुळं. मुळाला जखम झाली की मर रोगाची बुरशी आत शिरते, रोप कोलमडतं आणि आपण दोष देतो बियाण्याला. तपासायची युक्ती घरातलीच आहे. कच्च्या बटाट्याची चकती कोकोपीटवर दाबून ठेवा. दोन-तीन दिवसांनी उचलून खालची बाजू बघा. काळ्या डोक्याच्या अळ्या चिकटलेल्या असतील तर संशय फिटला. ट्रेवर हिरवं शेवाळ आणि माशीच्या पंखांवर फिकट ठिपके, मिशा आखूड, असं असेल तर ती शेवाळावरची माशी. ती मुळं खात नाही.

दोन्हींवर पहिला उपाय एकच, पाणी कमी करा. दोन पाण्यांमध्ये वरचा थर कोरडा पडू द्या. ओल्या थराशिवाय सियारिड अंडी घालत नाही. तरी भागलं नाही तर डासांच्या अळ्यांसाठीचं जैविक औषध असतं, बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. लहान अळ्यांवर ते चालतं. दुकानात नुसतं "बीटी द्या" म्हणू नका. पानं खाणाऱ्या अळ्यांचं बीटी वेगळं, ते माशीच्या अळीला काही करत नाही.

ओळख पटत नसेल तर नमुना मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. माशा औषधाच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका. अळ्या मात्र थेट स्पिरिटमध्ये टाकल्या की काळ्या पडतात, ओळखू येत नाहीत. त्या आधी चहाच्या गाळणीत घेऊन कढत पाण्यात क्षणभर बुडवा, मग स्पिरिटमध्ये. गाळणी पुन्हा चहाला वापरू नका. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि बेड भरून किती दिवस झाले, एवढं लिहून ती बाटलीच्या आत टाका.