हिमप्रदेशातील सुट्टी आणि हेमंत ऋतुचर्या : वऱ्हाडातील रुग्णांच्या संदर्भात

दिवाळी उलटली, कपाशीची वेचणी सुरू झाली, की आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येऊ लागतो. ‘डॉक्टरसाहेब, नाताळच्या सुट्टीत बर्फ पाहायला चाललो आहोत. सोबत काय घ्यावे?’ एके काळी वऱ्हाडातील मध्यमवर्गीय कुटुंबाची थंडीतील सहल म्हणजे चिखलदरा, फार तर पचमढी. आता मनाली, सिमला आणि गुलमर्ग ही नावे अकोला-अमरावतीच्या घराघरांत पोहोचली आहेत. आपणही बहुधा स्वेटर, कानटोपी, च्यवनप्राश आणि सुंठ इतके सांगून मोकळे होतो. प्रस्तुत लेखक अनेक वर्षे हेच करीत असे. ते अपुरे आहे, हे एका रुग्ण-कुटुंबाच्या अनुभवातून ध्यानी आले. तो अनुभव पुढे येईलच.

हिमालयात जाणे मुळात अपथ्य आहे, असे कोणी समजू नये. चरकाचार्यांनी औषधी उगवणाऱ्या भूमींमध्ये हिमालयाला श्रेष्ठ म्हटले आहे. चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात ग्राम्य आहार-विहाराने मंद व रोगी झालेले ऋषी पुन्हा हिमालयाचा आश्रय घेतात, अशी कथाही आली आहे. परंतु त्या कथेतील एक तपशील आपण वाचताना सहज ओलांडून जातो. हिमालय हे त्या ऋषींचे पूर्वीचे निवासस्थान होते, म्हणजेच तो देश त्यांना सात्म्य होता. आपला रुग्ण मात्र अकोल्याच्या सुमारे २८० मीटर किंवा अमरावतीच्या सुमारे ३४० मीटर उंचीवर, मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हात आयुष्य काढलेला असतो. तो भुसावळहून अथवा नागपूरहून रेल्वेने दिल्ली गाठतो, तेथून रात्रभर बसने प्रवास करतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुमारे २००० मीटर उंचीवरील मनालीत उतरतो. सात्म्यात बदल करावयाचा तर तो पादांशिक क्रमाने, थोडा थोडा करावा, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. सुट्टीच्या वेळापत्रकात त्याला जागा नसते.

येथेच ऋतुचर्येच्या वाचनात एक चूक संभवते. हेमंतात शीत वाऱ्याच्या स्पर्शाने शरीरोष्मा आत कोंडला जातो, अग्नी प्रबल होतो आणि त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूचेच शोषण करतो. म्हणून स्निग्ध, गुरू, मधुर-अम्ल-लवण आहार घ्यावा, हे आपण सर्व जण पाठ म्हणतो. पण चरकाचार्यांनी अग्नीचे हे प्राबल्य बलवान व्यक्तींच्या संदर्भात सांगितले आहे. दोन रात्रींच्या प्रवासाने शिणलेला, जागरणाने वातप्रकोप झालेला, वाटेत ढाब्यावरचे पराठे खाल्लेला मनुष्य त्या दिवशी बलवान नसतो. शिवाय शीत आणि उंची या दोन भिन्न गोष्टी आहेत. शीताने भूक वाढते. उंचीवरील विरळ हवेने ती मंदावते. ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो. बाहेर हेमंत आणि आत मंदाग्नी अशी स्थिती तेथे सहज निर्माण होते. अशा रुग्णाने पहिल्याच रात्री डिंकाचे लाडू खाल्ले, तर दोष लाडवांचा नसतो.

म्हणून माझ्या मते हेमंतचर्या तेथे पोहोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरू करावी. पहिले दोन दिवस मुगाची खिचडी, पेज, सुंठ घालून उकळलेले कोमट पाणी आणि विश्रांती पुरे. उद्गारशुद्धी, उत्साह, लघुता, क्षुधा ही जीर्णाहाराची लक्षणे दिसली, की मग तिळगूळ, गूळ-तूप-पोळी, जवसाची चटणी, उडदाचे पदार्थ खुशाल घ्यावेत. वऱ्हाडच्या घरातून निघालेला तो डबा हेमंतासाठी उत्तमच असतो. फक्त तो उघडण्याची वेळ चुकते.

मनालीच्या उंचीवर निरोगी माणसाला सहसा मोठा त्रास होत नाही. अडचण तेथून वर जाताना होते. रोहतांग खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद असते, त्यामुळे पूर्वी लाहौलचा भाग या काळात तुटलेलाच असे. २०२० साली ऑक्टोबरमध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून पर्यटक न्याहारी करून निघतो आणि दुपारच्या आत ३००० मीटरहून अधिक उंचीवर बर्फात खेळू लागतो. गुलमर्गचा रज्जुमार्ग तर सुमारे २६५० मीटरवरून दुसऱ्या टप्प्यात ३९०० मीटरच्या वर नेतो. शरीराला जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. साधारणतः २५०० मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, अरुची, थकवा, अनिद्रा ही लक्षणे दिसू लागल्यास ती प्रवासाची दगदग समजून सोडून देऊ नयेत. आणखी वर न जाता थांबावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे अथवा बोलण्यात असंबद्धता आढळल्यास त्याच क्षणी खाली उतरावे व रुग्णालय गाठावे. अशा वेळी कोणतेही चूर्ण वा आसव देऊन सकाळची वाट पाहणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. आपल्या पॅथीच्या अभिमानाचा येथे प्रश्नच येत नाही.

आता त्या कुटुंबाविषयी. पती-पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई असे पाच जण डिसेंबरअखेर हिमाचलातील एका गावी उतरले होते. रात्री वीज गेली, तेव्हा निवासाच्या चालकाने मायेनेच पेटत्या कोळशाची शेगडी खोलीत आणून ठेवली. दारे-खिडक्या घट्ट लावल्या होत्या. पहाटे आईंना उलटीची भावना झाली, म्हणून त्या उठल्या आणि दाराशीच कोसळल्या. आवाजाने मुलगा जागा झाला. त्याचेही डोके फुटत होते. दार उघडले गेले, म्हणून पाचही जण वाचले. परत आल्यावर ते मला म्हणाले, ‘उंचीचा त्रास झाला.’ तो उंचीचा त्रास नव्हता. तो कार्बन मोनॉक्साइड वायूचा विषप्रभाव होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. दोन्हींची लक्षणे प्रारंभी सारखीच असतात, हे आपण चिकित्सकांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. एकाच खोलीतील सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी झाली, तर प्रथम दार उघडावे.

मला अस्वस्थ केले ते पुढच्या वाक्याने. ते म्हणाले, ‘तुम्हीच सांगितले होते, थंडीत निखाऱ्यांनी उबदार केलेल्या खोलीत राहावे.’ मी खरोखरच तसे सांगितले होते! हेमंतात अंगारांनी तापविलेल्या गर्भगृहात राहावे, हे वाग्भटाचार्यांचे वचन मी भाषांतर करून सांगत आलो होतो. मूळ वचनाची वास्तू मात्र मी सांगितली नव्हती. जेंताक स्वेदाचे वर्णन करताना चरकाचार्य कूटागाराला अनेक वातायने असावीत असे सांगतात. शिवाय लाकडे नीट जळून धूर गेल्यावरच रुग्णाने आत जावे, असेही बजावतात. उष्णतेबरोबर वायुवीजनाचा विचार तेथे आहेच. आजच्या ज्ञानाने त्यात इतकीच भर घालावी, की धूर नाही म्हणजे विष नाही असे नव्हे. निर्धूम निखाराच येथे अधिक फसवा असतो. आपल्याकडे शेकोटी अंगणात पेटते, म्हणून हा धोका आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरही तोच वायू सोडू शकतो, आणि तो तर अकोल्यातही आहे.

अन्य पथ्ये थोडक्यात सांगता येतील. रात्री तिळतेलाचा अभ्यंग, विशेषतः तळपाय व सांध्यांना, आणि नाकात अणुतैल वा गाईच्या तुपाचे दोन थेंब, एवढ्याने शीत-रूक्ष हवेचा पुष्कळसा उपद्रव टळतो. ताजे बर्फ सूर्याची अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करते, म्हणून ढगाळ दिवशीही काळा चष्मा हवा. ओले मोजे तत्काळ बदलावेत. बोटे बधिर झाल्यास ती चोळू नयेत व जाळावर धरू नयेत. कोमट पाण्यात ठेवावीत. मधुमेहाच्या रुग्णाला पायाची संवेदना कमी असते, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी त्याला न कळत भाजते. मद्याचा उल्लेख हेमंतचर्येत आहे, हे सांगून समर्थन मागणारे रुग्ण भेटतातच. मद्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, ऊब वाटते, पण शरीराची उष्णता बाहेर जाते. त्यांना एवढे सांगावे.

हृद्रोग, उच्च रक्तदाब व तमकश्वासाच्या रुग्णांनी चालू औषधे एक दिवसही थांबवू नयेत आणि निघण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञाची अनुमती घ्यावी. थंडीने वाहिन्या संकोचतात आणि रक्तदाब वाढतो.

साठीच्या पुढील रुग्णांना मी अलीकडे आधी चिखलदऱ्याला दोन रात्री राहून येण्यास सांगतो. परतवाड्याहून घाट चढला, की सुमारे ११०० मीटर उंचीवर आपण मेळघाटच्या कुशीत असतो. कॉफीच्या बागा आहेत, गाविलगड आहे आणि कडक थंडीच्या पहाटे गवतावरचे दवही गोठलेले दिसते. तेथे चढावर धाप किती लागते, झोप कशी लागते, सकाळी भूक लागते का, हे रुग्णाने वहीत लिहून आणावे. उंचीच्या त्रासाची ही परीक्षा नव्हे, तेवढी उंची तेथे नाहीच. पण शीत सोसण्याची आणि चालण्याची शक्ती तेथे नीट कळते. मागील वर्षी एक निवृत्त शिक्षक दांपत्य ही वही घेऊन आले. गुरुजींची नोंद समाधानकारक होती. बाईंना मात्र पंचबोल पॉइंटपर्यंत जाताना तीन वेळा थांबावे लागले होते. तपासणीत रक्ताल्पता आढळली. त्यांची मनाली मार्चपर्यंत पुढे ढकलली, आणि सोलंगला तेव्हाही बर्फ होते.