पाहुणे, मे महिना आणि नागपूरचं ऊन

नागपूरला लोक भर उन्हाळ्यात पाहुणे म्हणून येतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. पण शाळांना सुट्या तेव्हाच, लग्नसराई तेव्हाच आणि लेकींना माहेरी यायला सवड मिळते तीही तेव्हाच. आमच्याकडे मे महिन्यात नणंदेचं डोंबिवलीचं कुटुंब ठरलेलं. शिवाय ह्यांचे कॉलेजचे मित्र, त्यांच्या बायका, मुलं. कूलरच्या ताट्या बदलून झाल्या की आमच्या दोघांच्या बोलण्यात एकच विषय: यंदा सगळ्यांना कुठे कुठे न्यायचं. हे फिरणं आम्हाला मनापासून आवडतं आणि ते बंद करा असं माझं म्हणणं नाही. ते कसं करावं तेवढं सांगायचं आहे, कारण एका मे महिन्यात आमच्या जिजाजींना, म्हणजे नणंदेच्या यजमानांना, भर सीताबर्डीत ऊन लागलं.

आमच्यातला सगळ्यांत धडधाकट माणूस म्हणजे जिजाजी. रोजचा लोकलचा उभ्याने प्रवास, रविवारी मैदानावर क्रिकेट. आम्हाला काळजी होती ती बाबांची, माझ्या सासऱ्यांची. सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, म्हणून त्यांना घरीच ठेवलं होतं. बाकीचे सकाळी तर्री पोहे खाऊन निघालो. दीक्षाभूमीचा स्तूप पाहिला, तिथे अजून बरं होतं. मग मुलांना प्राणी पाहायचे म्हणून महाराजबाग. तिथून बर्डीच्या बाजारात, कारण ताईंना, म्हणजे नणंदेला, लग्नाच्या आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या. एक वाजत आला होता. पाहुणे आदल्या दिवशी सकाळीच विदर्भ एक्स्प्रेसने उतरलेले होते, ही गोष्ट त्या घाईत कोणाच्याच ध्यानात नव्हती.

पाणी पुढे केलं की जिजाजी म्हणत, "मला तहान नाही, मुलांना द्या." दुकानातून बाहेर आल्यावर ते गाडी काढायला म्हणून पार्किंगच्या चिठ्ठीसाठी खिसे चाचपू लागले. पुढचा खिसा, मागचा खिसा, पुन्हा पुढचा. चिठ्ठी त्यांच्या डाव्या हातात होती. भाच्याने ती दाखवली तरी ते खिसेच चाचपत राहिले. तेव्हा मी नीट पाहिलं. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले आणि शर्ट मात्र कोरडा ठणठणीत. तेवढ्यात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, ते भिंतीला टेकले आणि ओकले.

शेजारच्या रसवंतीवाल्या काकांचं आम्ही आजही नाव काढतो. आम्ही दवाखाना कुठला गाठायचा यावर बोलत होतो, ते म्हणाले, "ताई, आधी यांना सावलीत आडवं करा, दवाखाना मग." त्यांनी जिजाजींचे बूट काढले, पाय बाकावर उंच ठेवले, माठातलं पाणी डोक्यावर, छातीवर ओतलं. माझा दुपट्टा भिजवून मानेभोवती गुंडाळला आणि त्यांचा पोऱ्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिला. दहाएक मिनिटांत जिजाजी नीट बोलायला लागले. मग दवाखान्यात सलाइन लागलं आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ उन्हात गेला असता तर हे उष्माघातावर गेलं असतं. अंगावर लगेच पाणी पडलं, तेच कामी आलं.

मुंबईच्या धडधाकट माणसाला हे व्हावं आणि घरी बसलेले आमचे बाबा खुशाल असावेत, याचं कारण नागपूरच्या हवेत आहे. मुंबईत घाम निथळतो, अंगाला चिकटतो, शर्ट ओला होतो, म्हणून माणूस आपसूक पाणी मागतो. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम येता येता वाळतो. आपला माठ इथे गार होतो आणि मुंबईत तितका होत नाही, त्याचं कारण हेच. उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, त्याबरोबर मीठही जातं, आणि पाहुण्याला वाटतं, इथे तर घामच येत नाही, किती छान! दुसरी गोष्ट सवयीची. नव्या उन्हाला शरीर रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झालेलं शरीर लवकर घाम सोडतं आणि त्या घामात मीठ कमी जाऊ देतं. डोंबिवलीहून काल उतरलेल्या माणसाजवळ हे काहीच नसतं, मग तो कितीही क्रिकेट खेळो.

हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो, हेही पाहुण्यांना सांगावं लागतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, ते सावलीत. बर्डीच्या डांबरावर उभ्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते आपल्या वागण्याबद्दल. जिजाजींचं डोकं महाराजबागेपासूनच दुखत होतं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासुरवाडीत जावयाने "मला बरं वाटत नाही" म्हणायचं कसं? ताईंची खरेदी राहील, मुलांचा विरस होईल, मेहुण्याने सुटी टाकून बेत आखलाय. इकडे आम्ही आग्रहाने म्हणतोय, "आता आलोच आहोत तर तेही पाहून घेऊ." पाहुण्याचा संकोच आणि यजमानाचा आग्रह एकत्र आले की नागपूरच्या दुपारी ते जिवावर बेततं. म्हणून आता "पाणी हवंय का?" असं आम्ही विचारतच नाही. पाणी हातात देतो आणि प्यायल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि "बरं वाटतंय ना?" याचं उत्तर खरं धरत नाही. माणूस गप्प झाला, मागे पडू लागला, साध्या गोष्टीत गोंधळला, चिडचिड करू लागला, की फिरणं तिथेच थांबतं. मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच पाहावं लागतं. खेळताना त्यांना तहानेची आठवण नसते. म्हाताऱ्या माणसांना मुळात तहानच कमी लागते.

दिवसाचे आम्ही आता दोन तुकडे करतो. सकाळचा सहा ते साडेनऊ, संध्याकाळचा सहाच्या पुढे. महाराजबाग, सेमिनरी हिल्स, अंबाझरीच्या काठचं फिरणं सकाळचं. रामटेकला जायचं तर घरून उजाडताच निघायचं, पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे, गडावरून खाली उतरेपर्यंत दगड तापलेले नसावेत. देवळाबाहेर चप्पल काढावी लागते, तेव्हा टेकडी गणपती असो की तेलंखेडीचा मारुती, दर्शन एकतर पहाटेचं नाहीतर दिवेलागणीचं. तापलेल्या फरशीवर लहान मुलाचा तळवा क्षणात भाजतो. फुटाळा तलाव संध्याकाळचाच, आणि तिथे गर्दीत मुलांचा हात सोडायचा नाही.

दुपारी घरी राहावं हे उत्तम. वाळ्याचा वास, जेवणात ताक आणि कांदा, नंतर टरबुजाच्या फोडी आणि पत्ते, यातही सुटी सुखाची जाते. तरी मुलं फारच मागे लागली तर छताखालची ठिकाणं आहेत. १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात. गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण. मात्र घरापासून दारापर्यंत गाडीने जायचं आणि तसंच परतायचं, मध्ये बाजार घुसवायचा नाही. उभ्या गाडीत मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला "पाच मिनिटांत आलो" म्हणून बसवू नये. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतं. पाहुण्यांचे पहिले दोन दिवस तर आम्ही संध्याकाळ सोडून कुठेच नेत नाही.

पिशवीत काय असावं? माणशी पाण्याची बाटली, भिजवायला दुपट्टे आणि मीठ घातलेलं कैरीचं पन्हं. बाबांच्या पिढीत खिशात कांदा ठेवायचे. कांदा जेवणात जरूर खावा, खिशातल्या कांद्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नये. दुकानातली रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. औषधाच्या दुकानातली पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मीठ-साखर किती चालेल हे एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावं. लघवी वाढवणाऱ्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी ऊन लवकर बाधतं. आपल्या मनाने गोळी मात्र कोणी बंद करू नये.

आणि तरीही कोणाला ऊन लागलंच, तर रसवंतीवाल्या काकांनी केलं तेच करावं. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, जोरात वारा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवावा. माणूस शुद्धीवर असेल आणि ओकत नसेल तर घोट घोट पाणी द्यावं. बरळत असेल, झटके येत असतील, अंग तापून लाल झालं असेल, तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करणं थांबवू नये. हा उष्माघात असतो, अंगातला ताप ४० अंशांच्या वर गेलेला असतो आणि तापाच्या गोळीने तो उतरत नाही.

मागच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ह्यांच्या एका मित्राने मुलाच्या वाढदिवसाचं जेवण शहराबाहेरच्या शेतावर, दुपारी बाराला ठेवलं होतं. तंबू, पंखे, सगळी तयारी. आम्ही दोघांनी आदल्या आठवड्यातच फोन करून सांगितलं की आम्ही संध्याकाळी सहाला येऊ, भेट तेव्हा देऊ. त्याला थोडं वाईट वाटलं. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. तिची आई पुण्याहून येणार होती आणि तिला आमचं म्हणणं पटलं होतं. त्यांनी जेवण रात्री आठचं केलं.