नांगराची खूण

चि. नंदूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आल्यापासून डोळ्याला डोळा नाही. वंशावळ करून देणाऱ्या कोणाला तू पंधरा हजार मोजलेस म्हणे, आणि त्याने आपलं घराणं 1761 साली पानिपतावर पडलेल्या एका सरदाराला नेऊन जोडलं. वास्तुशांतीला ती चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहेस. खरं का रे हे?

पुरावा काय, तर पांगरीकर हे आडनाव एक. अरे, पांगरी सिन्नर तालुक्यात आहे, बार्शी तालुक्यातही आहे. जो पांगरी सोडून निघाला तो परगावी पांगरीकर झाला, मग जात-कूळ कोणतंही असो. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतं? आपलं आडनाव एवढंच सांगतं, की कोणीतरी घर सोडलं होतं.

कोणी, ते तुला ठाऊक आहे. 1876 च्या दुष्काळात बार्शीकडून आईचं बोट धरून खडी फोडायला निघालेलं आठ वर्षांचं पोर. तुझे खापरपणजोबा. सरदार भिंतीवर चढला, की त्या पोराने जायचं कुठे?

इतकी चिडले, कारण खापरपणजोबांना एकदा मीच घराबाहेर काढलं आहे. 1968 ची दिवाळी. माळ्यावरचं मोडीतलं दप्तर मी बंबात घातलं. वाचता कोणालाच येत नव्हतं, आणि पाणी तापायला हवं होतं. शेवटच्या कागदाच्या तळाशी नांगराचं इवलंसं चित्र होतं. वाटलं, कोणा पोराने गिरगटलंय. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करायचा. त्यांची सही मी माझ्या हाताने जाळली, नंदू. आजी ओसरीवरच बसली होती. तिला विचारलं असतं तरी पुरे होतं.

म्हणून सांगते, वरून खाली येऊ नकोस, खालून वर जा. दादापासून सुरुवात कर. आजोबांचा शाळेतला दाखला काढ, तहसीलमध्ये जुने फेरफार आणि वारसनोंदी बघ, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक बघ. मोडी वाचणारा जाणकार सोबत ने. एका पिढीला एक कागद मिळाला, तरच पुढची पायरी चढ. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगून विचार. आपलं कोणी अस्थी घेऊन गेलं असेल, तर नोंद असेल.

आणि मिळालं नाही, तर जागा कोरी ठेव. त्या पोराच्या जागी दुसऱ्याला मात्र बसवू नकोस.

फार बोलले का रे? दादा गेल्यापासून पाठीशी कोणीतरी मोठं असावं असं तुला वाटतं, ते मला कळतं. मलाही वाटतं. पण दुष्काळातून चालत आलेलं ते पोर काय लहान होतं? त्याच्या आईचं नावही आपल्याला माहीत नाही. सगळ्यात वर तिच्यासाठी एक ओळ मोकळी सोडशील?

पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस, वहिनीला मी समजावते. नाशिकला जाशील तेव्हा मलाही ने. गुडघे दुखतात, पण रामकुंडाच्या पायऱ्या तुझा हात धरून उतरेन. वहीत कुठे नांगर दिसला, तर आधी मला दाखव.

तुझी,
आत्या