लग्नमंडपासाठी घरच्या शेतातील फुले

विवाह हा ग्रामीण जीवनातील सर्वांत मोठा आनंदसोहळा होय. परंतु पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत तोच सोहळा कर्जाचा आरंभही ठरतो. दागिने, वस्त्रे आणि पंगत यांवरील खर्च आटोक्यात ठेवणे प्रत्येकास साधतेच असे नाही. मांडवाच्या सजावटीची गोष्ट मात्र निराळी आहे. सजावटीसाठी जी फुले व पाने विकत आणली जातात, त्यांपैकी बहुतेक आपल्याच शेतात व बांधावर येऊ शकतात. त्याकरिता पैशापेक्षा वेळेचा हिशेब अधिक लागतो.

वैशाखातील लग्नात नेहमी दिसणारे दृश्य असे असते : फुले आदल्या दिवशी दूरच्या बाजारातून पोत्यांत कोंबून आणलेली असतात. रात्रभरात ती आतून तापतात. सकाळी माळा चढविल्या की दुपारच्या आत त्या काळवंडतात आणि गोरज मुहूर्तावर वधूवरांच्या गळ्यात कोमेजलेले हार पडतात. खर्च झाला, शोभा मात्र राहिली नाही. हे टाळणे शेतकऱ्याच्या हाती आहे.

मुहूर्तावरून लागवडीची तारीख

विवाहाचे मुहूर्त तुळशीविवाहानंतर सुरू होतात आणि वैशाख-ज्येष्ठात त्यांची विशेष गर्दी असते. मांडवासाठी सर्वांत भरवशाचे फूल झेंडूचे. बी पेरल्यापासून सुमारे ४ आठवड्यांत रोपे लावणीयोग्य होतात व लावणीनंतर साधारण ६० ते ६५ दिवसांनी फुले येऊ लागतात. तेव्हा मुहूर्ताच्या तारखेपासून उलट मोजत यावे.

समजा, विवाह १० मे रोजी आहे. निम्मे बी २५ जानेवारीस व निम्मे ५ फेब्रुवारीस पेरावे. पहिल्या रोपांची लावणी २२ फेब्रुवारीस व दुसऱ्यांची ५ मार्चला होईल. विवाहाच्या दिवशी पहिल्या लावणीस ७७ व दुसरीस ६६ दिवस झालेले असतील. हवामानामुळे एक वाफा मागेपुढे झाला, तरी दुसरा हाती राहतो. लावणीनंतर ३ ते ४ आठवड्यांनी शेंडा खुडल्यास फांद्या व फुले वाढतात. पण पहिली फुले थोडी लांबतात. म्हणून पहिल्या लावणीचा शेंडा खुडावा, दुसरीचा खुडू नये.

क्षेत्र किती असावे?

उन्हाळी झेंडू ४५ × ४५ सेंटिमीटर अंतराने लावल्यास एका गुंठ्यात सुमारे ५०० झाडे बसतात. एका तोडणीस झाडामागे ४ उमललेली फुले धरली, तरी २,००० फुले होतात. घट्ट ओवलेल्या १ मीटर माळेस ३० फुले धरल्यास यातून सुमारे ६५ मीटर माळ तयार होते. फुलांचा आकार जातीप्रमाणे बदलतो. म्हणून प्रथम हातभर माळ ओवून फुले मोजावीत आणि मग आपल्या मांडवाचा हिशेब करावा. साध्या घरगुती मांडवास १ ते २ गुंठे क्षेत्र पुरेसे होते.

जमीन निचऱ्याची असावी. गुंठ्यास सुमारे २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. नत्राचा अतिरेक करू नये. झाड पाल्याने माजते व फूल कमी धरते. बी ताजे घ्यावे. गुंठ्यास १० ते १५ ग्रॅम पुरते. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा नारंगी गेंदा’ व ‘पुसा बसंती गेंदा’ या जाती अनुक्रमे केशरी व पिवळ्या रंगासाठी प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात लाल कोळीवर लक्ष ठेवावे. पानांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी दिसताच उपाय करावा. तोडणी जवळ आल्यावर विषारी औषध फवारू नये. हे फूल माणसांच्या गळ्यात व मुलांच्या हातांत जाणार आहे.

सोबतीची फुले

वैशाखात मोगरा भरात असतो. वेणी, गजरा व मुंडावळ्या यांसाठी त्याच्या पूर्ण वाढलेल्या, पण न उमललेल्या कळ्या सकाळी लवकर तोडाव्यात. त्या संध्याकाळी उमलतात. परसात मोगऱ्याची चार-पाच झाडे असली म्हणजे घरच्या स्त्रियांची गरज भागते.

निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावावेत. फुले ३ ते ४ महिन्यांनी येतात व एकदा केलेली लागवड २ ते ३ वर्षे ठेवता येते. म्हणजे पुढील वर्षी ज्या घरी कार्य आहे, त्याने यंदाच कंद लावले पाहिजेत. हारांसाठी एकेरी व फुलदाणीसाठी दुहेरी फुलांची जात निवडावी. मार्गशीर्षातील लग्नांसाठी शेवंती व ॲस्टर उपयोगी पडतात. शेवंती लहान दिवसांत फुलणारी असल्याने वैशाखी मांडवासाठी तिच्यावर विसंबू नये.

तोडणी आणि साठवण

तोडणीच्या आदल्या दिवशी पिकास पाणी द्यावे. झेंडू पूर्ण उमललेला असावा व तो पहाटे, ऊन चढण्यापूर्वी तोडावा. निशिगंधाचे दांडे तळाची एक-दोन फुले उमलताच कापावेत आणि लगेच स्वच्छ पाण्यात उभे ठेवावेत. फुले पोत्यात दाबून भरू नयेत. बांबूच्या टोपलीत केळीची पाने अंथरून सैल भरावीत व वर ओले फडके टाकावे. टोपल्या सावलीच्या खोलीत ठेवाव्यात. त्याच खोलीत पिकते आंबे किंवा केळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने फुले लवकर गळतात.

मांडवाची मांडणी

मांडवडहाळ्यांची आपली रीत शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे. आंबा, जांभूळ व उंबर यांच्या हिरव्या डहाळ्यांनी मांडव थंड राहतो आणि फुलांचे आयुष्य वाढते. आंब्याची जून पाने घ्यावीत, कोवळी लवकर मलूल होतात. फळे लागलेल्या फांद्या तोडू नयेत. प्रवेशद्वाराच्या केळीच्या खुंटांसाठी बाग निरोगी पाहून निवडावी. पर्णगुच्छ रोग असलेल्या बागेतील खुंट गावात आणू नयेत.

सर्व मांडव फुलांनी झाकण्याचा हव्यास धरू नये. पाहुण्यांची दृष्टी प्रथम प्रवेशद्वाराकडे व नंतर बोहल्याकडे जाते. या दोन जागी फुले दाट व अन्यत्र हिरवा पाला, एवढ्याने मांडव प्रसन्न दिसतो. केशरी व पिवळा झेंडू एकाआड एक न ओवता हात-हात अंतराचे पट्टे केल्यास लांबून अधिक खुलतो. माळा सुती दोऱ्यात ओवाव्यात व विवाहाच्या दिवशीच, उन्हाच्या बाजूस शेवटी, चढवाव्यात. गोरज मुहूर्त असल्यास वधूवरांचे हार शेवटच्या घटकेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवावेत.

सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यास महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. प्लास्टिकची फुले वर्षानुवर्षे कुजत नाहीत. उलट, मांडव उतरल्यावर झेंडूच्या माळा व डहाळ्या कंपोस्ट खड्ड्यात जातात आणि शेताचे धन शेतात परतते. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींचा उपद्रव कमी होतो. म्हणून त्या जागी पुढे टोमॅटो किंवा वांगी घेणे लाभदायक ठरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

दसरा-दिवाळीच्या सुमारास सर्वांचा झेंडू एकाच वेळी बाजारात येतो आणि सण सरताच भाव कोसळून फुले रस्त्यावर टाकण्याची वेळ येते. विवाहाची मागणी मात्र अनेक तारखांना विखुरलेली असते. कार्यकर्त्यांनी तुळशीविवाहाच्या सुमारास गावातील ठरलेल्या लग्नांच्या तारखांची यादी करावी आणि तीन-चार शेतकऱ्यांना निरनिराळ्या तारखांस लावणी करण्यास सांगावे. म्हणजे कार्य असलेल्या घरास फुले गावातच मिळतील आणि लावणाऱ्यास गिऱ्हाईक आधीच ठाऊक असेल. ज्याच्याकडे विहिरीचे पाणी मे महिन्यापर्यंत टिकत नाही, त्यास उन्हाळी लावणीच्या भरीस मात्र घालू नये.

मांडवाची शोभा त्यावर उधळलेल्या पैशाने ठरत नाही. ज्या वाफ्याला वधूने स्वतः पाणी दिले, ज्या माळा शेजारणींनी पहाटे गप्पा मारीत ओवल्या, त्या फुलांची आठवण तिच्या माहेरी दीर्घकाळ राहते. मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. म्हणून बी वेळेवर पेरणे हीच लग्नघरच्या सजावटीची पहिली तयारी समजावी.