माशाच्या वड्या व पंक्तींतील वांटा

घरच्या उपासनेकरितां व स्त्रियांच्या सभेकरितां पाठ
शास्त्रभाग : मत्तय १४:१३-२१, योहान ६:१-१३, योहान २१:१-१४, १ करिंथ ११:१७-३४



या पाठांत एक साधा पदार्थ कसा करावा हें सांगावयाचें आहे, आणि तो ताटांत कसा वाढावा हेंहि सांगावयाचें आहे. पहिली गोष्ट एका संध्याकाळीं शिकतां येते. दुसरी शिकावयास पुष्कळ घरांत एक पिढी लागली, व कित्येक ख्रिस्ती घरांत ती अद्यापि शिकावयाची आहे. उपदेशकांनीं हा पाठ शक्य तर चुलीजवळ बसून शिकवावा. मंदिरांत उभें राहून शिकविल्यास तो अर्धाच समजेल.

पांच भाकरी व दोन मासे यांची हकीकत चारहि शुभवर्तमानांत आहे. परंतु योहानानें माशाकरितां जो शब्द घातला तो इतर तिघांच्या शब्दाहून निराळा आहे. ते तिघे माशाचें सामान्य नांव देतात. योहान 'ऑप्सारियन' म्हणतो, म्हणजे भाकरीबरोबर तोंडीं लावावयाचा लहानसा मासा. आमच्या देशावरील बोलींत त्यास कोरड्यास म्हणावें. भाकरीहि जवाच्या होत्या, व जव हें त्या देशीं गरिबांचें धान्य होतें. यावरून त्या मुलाच्या शिदोरींत कांहीं मेजवानी नव्हती. बाजरीची भाकर व चिमूटभर सुकट फडक्यांत बांधून गुरांमागें जाणाऱ्या आमच्या मुलाची जी शिदोरी, तसलीच ती.

गालीलच्या सरोवरांत एक चपटा मासा सांपडतो. तेथील लोक त्यास मुश्त म्हणतात, व यात्रेकरू त्यास पेत्राचा मासा म्हणतात. त्याच कुळांतला मासा आमच्या भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयांत विपुल आहे. इंदापूर, करमाळा या बाजूचे लोक त्यास चिलापी म्हणतात. तो इकडचा मूळ रहिवासी नव्हे. त्याची एक आफ्रिकी जात १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणिली गेली, व पुढें तिचा फार प्रसार झाला. थोर लोक त्यास नांवें ठेवितात, परंतु तो सहसा स्वस्त मिळतो, आणि वड्यांकरितां तर तो रोहूपेक्षां बरा. कारण रोहू, कटला, मृगळ यांच्या मांसांत बारीक दुफांटी कांटे असतात, ते चिलापींत तितके नसतात. मरळ मिळाल्यास उत्तमच. कोंकणांतील बहिणींनीं बांगडा घ्यावा. सुरमईची वडी करणें म्हणजे रेशमाचें पोतेरें करणें होय.

आठवड्याच्या बाजारीं दिवस कलतां मासळीचा भाव उतरतो, व आमच्या लोकांची खरेदी बहुधा त्याच वेळीं होते. त्यांत लाज नाहीं, पण डोळे उघडे ठेवावे. डोळा स्वच्छ व फुगीर, कल्ला तांबडा, अंग बोटानें दाबलें असतां पुनः वर येणारें, असा मासा घ्यावा. वास उग्र झाला असल्यास फुकट मिळाला तरी नको. विशेषेंकरून बांगडा उन्हांत पडून राहिला म्हणजे त्यांत असें विष उत्पन्न होतें कीं तें शिजवून अगर तळून जात नाहीं. खाणाऱ्याचें अंग लाल होतें, डोकें दुखतें, उलट्या होतात. मसाला जास्त घातला म्हणजे शिळा मासा चालतो, ही समजूत टाकून द्यावी.

आतां कृति. सहा माणसांच्या घरास अर्धा किलो मासा पुरे. तो साफ करून धुवावा, मीठ, हळद व अर्ध्या लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवावा, आणि मग भांड्यांत पेलाभर पाणी घालून झांकण ठेवून आठ-दहा मिनिटें शिजवावा. मांस कांट्यापासून सुटूं लागलें म्हणजे उतरावा. तें पाणी टाकूं नये. मासा निवाला म्हणजे हातानें मांस सोडवावें. साधारणतः पाव किलो मांस निघेल.

येथें घाई करूं नये. कांटे काढणें हेंच या पदार्थांतील खरें काम आहे, बाकी सर्व सोपें. मांस पसरट ताटांत पातळ पसरावें, आणि चिमटीनें थोडें थोडें दाबून पाहावें. डोळ्यांस न दिसणारा कांटा बोटास लागतो. एकदां निवडून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून पुनः निवडून घ्यावें. कंदिलाच्या अगर मंद दिव्याच्या उजेडांत हें काम करूं नये. दिवस असतांच उरकावें. लहान मुलांस व दांत गेलेल्या म्हाताऱ्यांस मासा द्यावयास लोक भितात तें याच कारणानें, आणि वडीचा मोठा गुण हाच कीं तिच्या योगें या दोघांच्याहि तोंडीं मासा जातो. तरीहि कोणाच्या घशांत कांटा अडकलाच तर भाताचा गोळा गिळावयास देण्याची जी चाल आहे ती सोडावी. त्यानें कांटा कधीं कधीं अधिक खोल रुततो. थोडें खोकूं द्यावें, आणि सल न गेल्यास दवाखान्याची वाट धरावी.

निवडलेल्या मांसांत दोन मध्यम बटाटे उकडून, पूर्ण निववून व कुसकरून घालावे. बटाटा नसेल तर सकाळची उरलेली ज्वारीची भाकर चुरून घालावी. चव थोडी रांगडी होते, पण मला तीच अधिक आवडते. एक कांदा अगदीं बारीक चिरून, दोन-तीन हिरव्या मिरच्या, आलें-लसूण वांटून, मूठभर कोथिंबीर व चवीपुरतें मीठ घालावें. सांधण्याकरितां एक अंडें फोडून घालावें. अंडें नसल्यास दोन चमचे डाळीचें पीठ. सर्व हलक्या हातानें कालवून बारा गोळे करावे, व ते थापून अर्धा बोट जाडीच्या वड्या कराव्या. रव्यांत अगर तांदळाच्या पिठींत घोळवून पाव तास तशाच राहूं द्याव्या. मग तव्यावर दोन-तीन चमचे तेल तापवून मध्यम आंचेवर प्रत्येक बाजूस तीन-चार मिनिटें तांबूस होईतों भाजाव्या. मासा व बटाटा आधींच शिजलेले आहेत, म्हणून कढईभर तेलाचें कारण नाहीं.

वडी फुटते अशी तक्रार प्रत्येक सभेंत ऐकूं येते. फुटण्याचीं कारणें तीन : बटाटा गरम असतांच कालविला, माशांत पाणी राहिलें, किंवा खालची बाजू धरली नसतां उलथन्यानें ढोसलें. वडी आपण होऊन तवा सोडते. तोंवर तिला हात लावूं नये.

मासा शिजविलेलें जें पाणी ठेविलें, त्यांत डोकें व कांटे घालून आणखी थोडें उकळावें, गाळावें, आणि चिंचेचा कोळ, लसूण व तिखट घालून पातळ कालवण करावें. भाताबरोबर तें फार चांगलें लागतें. बारा टोपल्या उरलेले तुकडे गोळा करविणाऱ्या प्रभूच्या लोकांस हें सांगणें नकोच. मार्क तर लिहितो कीं त्या टोपल्यांत माशांचे तुकडेहि होते.

परंतु उरलेल्या वड्यांविषयीं एक सांगितलें पाहिजे. आमच्याकडील उष्म्यांत शिजलेला मासा दोन तासांपेक्षां अधिक उघड्यावर राहूं नये. ज्यांच्या घरीं थंड कपाट आहे त्यांनीं झांकून आंत ठेवाव्या व दुसऱ्या दिवशीं नीट गरम करून खाव्या. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं रात्रींच संपवाव्या अगर शेजारीं द्याव्या.

आतां वाढण्याविषयीं. कालवणांत कोणास किती तुकडे गेले हें कोणास दिसत नाहीं. पुरुष आधीं बसतात, मग मुलगे, मग मुली; घरची बाई शेवटीं बसते, आणि तोंवर पातेल्यांत रस्सा व एखादें शेपूट उरलेलें असतें. ती बाई गरोदर असो कीं अंगावर पाजणारी असो, चाल तीच. वड्यांचें तसें नाहीं. वड्या मोजतां येतात. बारा वड्या व सहा माणसें, म्हणजे प्रत्येकीं दोन. हा हिशेब घरांतील दुसरींतल्या पोरालाहि येतो, आणि कोणाच्या ताटांत चार पडल्या तर तें सर्वांस दिसतें. याकरितांच मी हा पदार्थ या पाठाकरितां निवडला.

करिंथच्या मंडळींत प्रभुभोजनाच्या वेळीं जें होत होतें तें पौलास असह्य झालें. एक उपाशी, तर दुसरा पिऊन मस्त. कारण जो तो आपलें जेवण आधीं उरकून घेई. त्यानें तेथें कांहीं गूढ सिद्धांत सांगितला नाहीं. जेवावयास एकत्र याल तेव्हां एकमेकांची वाट पाहा, इतकेंच सांगितलें. प्रभूच्या मेजाजवळ पति व पत्नी एकाच भाकरीचे भागीदार होतात, आणि त्याच रात्रीं घरीं ती चुलीमागें बसून खरवड खाते, या दोहोंचा मेळ मला बसवितां येत नाहीं. मत्तय लिहितो कीं जेवणारे पुरुष सुमारें पांच हजार होते, स्त्रिया व मुलें निराळीं. तीं गणनेंत धरलीं नव्हतीं, पण गवतावर बसलेल्या लोकांत होतीं, व तृप्त झालेल्यांतहि होतीं.

कोणी म्हणेल, गरम वडी तव्यावरून ताटांत पडावयाची तर बाईनें चुलीजवळ राहिलेंच पाहिजे. तसें मुळींच नाहीं. सर्व वड्या भाजून झांकून ठेवाव्या व मग सर्वांनीं मिळून बसावें; त्या कोमट झाल्या तरी गोडच लागतात. आणि पुरुषानें एखादे वेळीं तवा संभाळला तर काय बिघडतें? योहानाच्या एकविसाव्या अध्यायांत सात शिष्य रात्रभर श्रमून किनाऱ्यास येतात, तों कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासा ठेविलेला व जवळ भाकर. तें सर्व उठलेल्या प्रभूनें तयार केलें होतें, व वाढलेंहि त्यानेंच. असें असतां त्याच्या उपदेशकास माशाचे कांटे निवडावयाची लाज वाटावी, हें नवल आहे.

उपदेशक व पाळक यांस आणखी एक विनंती. तुम्ही गांवीं पाहुणे जातां तेव्हां गरीब यजमान आपल्या मुलांच्या वांट्याचें तुमच्या ताटांत घालतो. पंक्तींत आधीं मुलांच्या ताटांकडे पाहा, मग आपल्या. आग्रह मोडणें कठीण असतें खरें. पण घरच्या बाईस "आपणहि आमच्याबरोबरच बसा, बाई, तोंवर मी हात लावीत नाहीं" इतकें म्हटल्यास बहुधा काम होतें.

मंडळींत कोणी मासा न खाणारा बंधु असेल तर त्याच्यावर तो लादूं नये, व त्यास वेगळें काढूनहि बसवूं नये. हरभऱ्याची डाळ शिजवून त्याच रीतीनें वड्या कराव्या; अंडें मात्र त्यांत घालूं नये, व तव्यावर त्या आधीं भाजून घ्याव्या.

सभेंत विचारावयाचे प्रश्न : योहानानें त्या माशांस कोणता शब्द लाविला व त्यावरून त्या मुलाच्या घराविषयीं काय कळतें? वडी कां फुटते? घशांत कांटा अडकल्यास काय करूं नये? आपल्या घरीं काल रात्रीं शेवटीं कोण जेवलें, आणि त्याच्या ताटांत काय होतें? या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर सभेंत मोठ्यानें मागूं नये. ज्यानें त्यानें तें घरीं जाऊन द्यावें.